कणकेतली भाऊबंदकी

गव्हाच्या दाण्यातली बहुतेक प्रथिनं म्हणजे रोपाने स्वतःसाठी करून ठेवलेली साठवण. दाण्याला ओल मिळाली की अंकुर ही साठवण मोडतो, त्यातला नायट्रोजन वापरतो आणि वर येतो. या प्रथिनांना झाडात दुसरं काही काम नसतं. त्यामुळे त्यांच्या जनुकात फेरफार झाला तरी झाडाचं सहसा काही अडत नाही, आणि हजारो वर्षांत असे फेरफार साचत गेले. दोन गहू दिसायला सारखे, वजनाला सारखे असतात, पण मळायला बसलं की एकाची कणीक तार धरते आणि दुसऱ्याची तुटते, ते यामुळे.

या साचलेल्या वेगळेपणाचं करायचं काय, यावर निफाड तालुक्यातल्या एका घरात काका-पुतणीचा वाद चालतो. काका कांदा आणि द्राक्षांबरोबर गव्हाचं प्रमाणित बियाणं पिकवतात. पुतणी पुण्याला धान्यातल्या प्रथिनांवर काम करते. दोघांचं म्हणणं मी पुष्कळदा ऐकलं आहे. इथे ते सलग मांडतो आहे, आणि मला एखाद्याची बाजू पटली तिथे तसं म्हटलं आहे.

काका : तू जिला विविधता म्हणतेस ना, तिला आमच्या शेतात भेसळ म्हणतात. गहू निसवला की मी माणसं घेऊन बियाण्याच्या प्लॉटमध्ये शिरतो. एखादं झाड चार बोटं उंच, एखाद्या ओंबीचा रंग वेगळा, एखादीचं कुसळ वेगळं. दिसलं की मुळासकट उपटायचं. प्रमाणाबाहेर राहिली तर तपासणीत प्लॉट नापास. शेतकऱ्याने बॅगेवर नाव वाचून पैसे मोजलेले असतात. त्याला तेच मिळायला पाहिजे.

पुतणी : मिळायलाच पाहिजे, काका. बियाण्याच्या प्लॉटबद्दल माझं काहीच म्हणणं नाही. पण तुम्ही उपटता ते डोळ्यांना दिसतं तेवढंच. प्रथिनं दिसत नाहीत. ती बघायची तर दाणा आडवा कापायचा. अंकुराकडची बाजू जपून ठेवायची, ती पुढे पेरता येते. उरलेल्या अर्ध्या दाण्याची भुकटी करून त्यातली प्रथिनं काढायची आणि जेलच्या पातळ थरातून विजेच्या प्रवाहावर पळवायची. हलकी पुढे जातात, जड मागे राहतात. रंग चढवला की निळे पट्टे उमटतात. एकाच नावाच्या जुन्या गावरान गव्हाचे वीस-पंचवीस दाणे असे लावले तर त्यांत पट्ट्यांचे वेगवेगळे नमुने निघतात. ओंब्या मात्र सगळ्या सारख्या दिसत होत्या.

काका : मग तेच म्हणतोय मी. ते जुनं बियाणं शुद्ध नव्हतंच.

पुतणी : त्याला कुणी शुद्ध केलंच नव्हतं. शेतकरी दर वर्षी चांगल्या ओंब्या निवडून ठेवायचा, पण एकाच झाडाची नव्हे, शेतभरातली. त्यामुळे एका शेतात अनेक वंश शेजारी शेजारी नांदायचे. आज तुमच्या प्लॉटमधलं झाड न् झाड जवळजवळ एकाच वंशाचं आहे. दोन्हींचा आपापला उपयोग आहे. फक्त पहिल्याला नुसती घाण समजू नका.

काकांचा खरा प्रश्न असतो की या पट्ट्यांचा कणकेशी संबंध काय. त्याला पुतणीने एकदा तोंडी उत्तर न देता ओसरीवर दोन पातेली मांडली. पोळीच्या लोकवन गव्हाचं वस्त्रगाळ पीठ आणि जुन्या खपली गव्हाचं वस्त्रगाळ पीठ, दोन्हींचे घट्ट उंडे मळून थोडा वेळ झाकून ठेवले, मग पाण्यात बुडवून हलक्या हाताने चोळायला घेतले. पाणी दुधाळ झालं, ती ते बदलत गेली. ते पांढरं म्हणजे स्टार्च. बऱ्याच वेळाने पाणी नितळ राहायला लागलं तेव्हा लोकवनचा करडा-पिवळा गोळा हातात उरला होता. ओढला की लांबायचा, सोडला की आखडून जागेवर यायचा. खपलीचा उंडा मात्र सुरुवातीपासूनच बोटांना चिकटत होता, पाण्यात सुटत होता. शेवटी उरलं ते थोडं आणि मऊ. ओढलं की नुसतं लांबत गेलं आणि तुटलं, परत आलं नाही. काकांनी दोन्ही गोळे हातात घेऊन पुन्हा पुन्हा ओढून बघितले.

काका : म्हणजे खपलीत प्रथिन कमी.

पुतणी : नाही. टक्केवारी काढली तर खपली बहुधा लोकवनच्या बरोबरीने भरेल, कदाचित वरचढही. कमी आहे ती पकड. हाच प्रयोग इटलीत बोलोन्याच्या बेक्कारीने १७२८ साली तिथल्या विद्वानांपुढे मांडला होता. गव्हातला हा चिवट भाग त्यानेच पहिल्यांदा वेगळा काढून दाखवला. पुढे अमेरिकेत ऑसबोर्नने १९०७ मध्ये गव्हाची प्रथिनं कशात विरघळतात त्यावरून त्यांची वाटणी केली. पाण्यात विरघळणारी, मिठाच्या पाण्यात विरघळणारी, अल्कोहोलमध्ये विरघळणारी ती ग्लायडिन, आणि ज्यांना सौम्य आम्ल किंवा अल्कली लागते ती ग्लुटेनिन. शेवटची दोन मिळून ग्लुटेन. ग्लुटेनिन म्हणजे कडीत कडी अडकवलेली लांब साखळी आणि ग्लायडिन म्हणजे त्या साखळीवरचं वंगण. साखळीमुळे कणीक आखडते, वंगणामुळे पसरते. दोन्ही वाणावाणाला वेगळी.

काका : कडी कशाची?

पुतणी : गंधकाची. तुम्ही कांद्याला गंधक देता ना? गव्हालाही ते लागतं. प्रथिनातल्या गंधकाच्या दोन टोकांची जोड झाली की साखळी लांबते. युरिया वाढवला तर प्रथिनांची टक्केवारी वाढते, पण गंधक कमी पडलं तर दाणा कमी गंधकाचीच प्रथिनं जास्त भरतो आणि कणकेचा तोल जातो. ब्रिटनमध्ये कारखान्यांचा धूर कमी झाला, पावसातून पडणारं गंधक घटलं, तेव्हा गव्हाच्या प्रतीवर याचा परिणाम दिसायला लागला.

टक्केवारी आणि जात यांतला हा फरक या विषयात सगळ्यांत जास्त दुर्लक्षिला जातो, असं मला वाटतं. प्रथिन किती, हे पुष्कळसं खत, पाणी आणि हवामान ठरवतं. प्रथिन कुठलं, हे मात्र बियाणं ठरवतं. आपल्याकडे पाकिटावर छापलेला आकडा पहिल्या प्रश्नाचं उत्तर देतो आणि घरात पोळी बिघडते ती दुसऱ्या कारणाने.

काका : बरं, बियाणं ठरवतं. मग सोपंच झालं की. सगळ्यांत चांगल्या पट्ट्यांचा गहू निवडा, तोच सगळीकडे पेरा.

पुतणी : असा प्रयत्न झालाय. पीटर पेन नावाच्या शास्त्रज्ञाने केंब्रिजच्या वनस्पती पैदास संस्थेत जड ग्लुटेनिनांना क्रमांक दिले. आपल्या नेहमीच्या गव्हात तीन पूर्वजांची गुणसूत्रं आहेत, ए, बी आणि डी. तिन्हींच्या पहिल्या गुणसूत्राच्या लांब बाजूवर या प्रथिनांची जोड-जनुकं बसलेली असतात. म्हणजे एकूण सहा जनुकं, त्यांतली सहसा तीन ते पाचच बोलतात. १ए वरच्या जोडीतलं एक आपल्या गव्हात मुकंच असतं, दुसरंही काही वाणांत गप्प असतं. डी वरच्या जोडीत '५+१०' असलं तर पाव चांगला फुगतो, '२+१२' असलं तर तेवढा नाही. त्या पाच क्रमांकाच्या प्रथिनात गंधकाची एक जोड-जागा जास्त आहे. पेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये या सगळ्यांना गुण दिले. '५+१०' ला चार, '२+१२' ला दोन, असं करत एका वाणाला जास्तीत जास्त दहा.

काका : मग दहापैकी दहा मिळवणारा गहू आण.

पुतणी : आणते, आणि काकू त्याची पुरणपोळी करतील. पुरण भरून लाटायला घेतली की पोळी आखडेल. लाटणं पुढे गेलं की कणीक मागे येईल, जोर लावला की कड फाटून पुरण बाहेर. ते दहा गुण ब्रिटनच्या भट्टीतल्या पावाचे आहेत, काका. यंत्राने मळलेल्या, खमिराने फुगवलेल्या, तासन् तास हवा धरून ठेवणाऱ्या पिठाचे. पुरणपोळीला पसरणारी कणीक लागते. रोजच्या पोळीला मध्यम ताकद पुरते. फुलका फुगतो तो वाफेने, आणि तेवढी वाफ धरायला फार मोठी साखळी लागत नाही. उलट ग्लुटेन फार बळकट असलं की डब्यातली पोळी दुपारपर्यंत चामट होते.

काका : आणि शेवयांना?

पुतणी : शेवयांना बन्सी. म्हणजे ड्युरम. तिथे तर डी गुणसूत्रंच नाहीत, फक्त ए आणि बी. '५+१०' चा प्रश्नच येत नाही. फ्रान्समध्ये १९७८ च्या सुमारास लक्षात आलं की ड्युरममध्ये गॅमा-ग्लायडिनचा ४५ क्रमांकाचा पट्टा असेल तर शिजवलेला पास्ता घट्ट राहतो, ४२ असेल तर मऊ पडतो. पुढे कळलं की श्रेय त्या पट्ट्याचं नव्हतंच. त्याच्या शेजारी, त्याच गुणसूत्रावर बसलेली हलकी ग्लुटेनिनं काम करत होती, आणि तो पट्टा नुसता त्यांच्याबरोबर वारशात येत होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत भारतीय ड्युरमवर हेच काम झालं आहे. तुमच्या कुंदेवाडीच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेले पंचवटी आणि गोदावरी हे दोन्ही ड्युरमच. शेवया करणारी बाई ते वाण मागते आणि पोळी करणारी मागत नाही, याचं कारण या पट्ट्यांत आहे.

इथे मी पुतणीच्या बाजूचा आहे. गव्हाला चांगला किंवा वाईट म्हणण्याआधी त्याचं काय करायचं आहे हे विचारायला हवं. आपल्याकडे पोळी, पुरणपोळी, मांडे, शेवया, लापशी, खीर, बाटी, कुरडई यांना एकच गहू चालत नाही. हे घराघरांतल्या बायकांना माहीत होतं, म्हणून वर्षाचा गहू भरताना दोन-तीन जाती वेगवेगळ्या घेतल्या जायच्या. लापशी आणि खिरीसाठी खपली, शेवयांसाठी बन्सी, पोळीसाठी आणखी एखादा. ब्रिटिश पावाच्या गुणांनी आपल्या गव्हाची प्रत ठरवत राहिलो तर आपल्याच पदार्थांना लागणारे पट्टे आपण कमी प्रतीचे म्हणून टाकून देऊ.

पण काकांच्या हातात एक असा मुद्दा आहे की त्यापुढे पुतणीही गप्प बसते. तो तांबेरा या बुरशीच्या रोगाचा.

काका : माझे वडील १९४६-४७ चं साल विसरले नाहीत कधी. मध्य भारतापासून इकडे खालपर्यंत तांबेरा आला. ओंब्या भरायच्या वेळी काडीवर लाल-काळे फोड, शेतातून गेलं की धोतराला तांबडी भुकटी. दाणा नुसतं कवच. त्या गव्हात तुझी सगळी विविधता होती, पोरी. गावरान होता तो. वाचला का? वाचवलं कुणी, तर केनियाच्या गव्हाशी आपल्या निफाडच्या गव्हाचा संकर करून केनफड काढला, त्याने. नंतर मेक्सिकोचा बुटका गहू. १९६६ मध्ये सरकारने अठरा हजार टन बियाणं जहाजाने आणलं. मेक्सिकोच्याच गव्हातून निवडलेले कल्याणसोना, सोनालिका. लहानपणी मी रेशनचा लाल अमेरिकी गहू खाल्लाय. तू खाल्ला नाहीस. ज्या एकसारख्या वाणांना तू नावं ठेवतेस, त्यांनी ती रेशनची रांग संपवली.

पुतणी : नावं नाही ठेवत मी. रांग संपली ती त्यांच्यामुळेच. पण केनफड आला कुठून, ते तुम्हीच सांगितलंत. परक्या गव्हाचं वेगळेपण इथे आणलं, म्हणून. वेगळेपण कुठेतरी शिल्लक होतं म्हणून आणता आलं. आणि नुसतं बाहेरूनच आलं असंही नाही. आपली खपली बाहेर गेली आहे. काडीवरच्या तांबेऱ्याच्या जाती ओळखण्यासाठी अमेरिकेत स्टॅकमन आणि लेव्हीन यांनी बारा गव्हांचा संच ठरवला होता. त्या बारांत एक 'खपली' याच नावाने आहे. ऑस्ट्रेलियात वॉटरहाऊसने खपलीचा संकर तिथल्या स्टाइनवेडेल गव्हाशी केला. त्या वाणाचं नाव खपस्टाइन. खपलीतलं तांबेरारोधक जनुक आजही जगभरच्या यादीत एसआर १४ म्हणून नोंदलेलं आहे.

काका : खपली? जिला आपण डोंगराकडचा गहू म्हणून सोडून दिलं?

पुतणी : तीच. आता दुसरी बाजूही ऐका, कारण तांबेरा आणि प्रथिनं यांची भाऊबंदकी आहे. पंजाबात पीबीडब्ल्यू ३४३ हे वाण १९९५ मध्ये आलं. उत्तरेत लाखो हेक्टरवर ते एकटंच उभं होतं. त्याची तांबेऱ्याची ताकद आली होती राय नावाच्या धान्याकडून. गव्हाच्या १बी गुणसूत्राची आखूड बाजू जाऊन तिथे रायची बाजू बसली होती. त्या एका तुकड्यात काडीवरचा, पानावरचा आणि पिवळा अशा तिन्ही तांबेऱ्यांची आणि भुरीचीही रोधक जनुकं. पैदासकारांनी जगभर तो उचलला. पण गव्हाची जी बाजू गेली, तिच्यावर काय होतं? हलकी ग्लुटेनिनं आणि ग्लायडिनांचा एक मोठा गट. त्यांच्या जागी रायची सेकॅलिनं आली. कणीक चिकट झाली, ताकद कमी झाली.

काका : तांबेरा तर थांबला ना?

पुतणी : काही वर्षं. १९९८ मध्ये युगांडात काडीवरच्या तांबेऱ्याची एक जात सापडली, यूजी ९९. तिने नेमकं त्याच रायच्या तुकड्यातलं जनुक निकामी केलं. ती भारतात पोचलेली नाही. इकडे पिवळ्या तांबेऱ्याच्या नव्या जातींपुढे पीबीडब्ल्यू ३४३ हरलं आणि त्याला मागे घ्यावं लागलं. एवढा मोठा पट्टा एकाच वाणाखाली असला की बुरशीला एकच कुलूप उघडावं लागतं. रोगही आला आणि तो टाळण्यासाठी किंमत म्हणून मोजलेली प्रथिनंही गेली. पुढे गुणसूत्रांची अदलाबदल घडवून, रायच्या बाजूतला तेवढा तुकडा काढून तिथे गव्हाची प्रथिनजनुकं परत बसवण्याचं काम अमेरिकेत झालं. ते करता आलं, कारण ती जनुकं असलेले गहू शेतांत आणि बियाण्यांच्या पेढीत शिल्लक होते.

काका : हां, पेढीत. आता मुद्द्यावर आलीस. दिल्लीला राष्ट्रीय जनुक पेढी आहे. मेक्सिकोत सिमिट या आंतरराष्ट्रीय संशोधन संस्थेकडे गव्हाचे दीड लाखाच्या आसपास नमुने आहेत, हे तूच सांगितलंस. नॉर्वेत बर्फात २००८ पासून बियाणं ठेवतात. मग माझ्या शेतात कशाला पाहिजे? तिथे ठेवा, लागेल तेव्हा काढा. मला एकरी वीस क्विंटल द्या.

पुतणी : पेढी हवीच. पण पेढीतला दाणा जिथे आहे तिथे थांबलेला असतो. फेब्रुवारीत पारा चढायला लागला आहे, हे त्याला कळत नाही. दाणा भरताना पस्तीस अंशांच्या वर उन्हाचे चार-पाच दिवस आले की ग्लुटेनिन कमी भरतं, ग्लायडिन त्या मानाने जास्त होतं, कणीक ढिली पडते. ऑस्ट्रेलियात हे नीट तपासलं गेलं आहे. आपल्याकडे उशिरा पेरलेल्या गव्हाचं दर वर्षी हेच होत असणार. सगळे वाण सारखे ढिले पडत नाहीत. कुठले कमी पडतात हे शेतात, याच उन्हात कळणार. आणि पेढीतल्या कितीतरी नमुन्यांच्या प्रथिनांकडे अजून कुणी पाहिलेलंच नाही. नुसता नंबर आणि गावाचं नाव.

काका : मिळतं काय त्यातून? एक उदाहरण दे, पिकाला फायदा झाल्याचं.

पुतणी : देते. खपलीचा रानटी पूर्वज पॅलेस्टाइनच्या डोंगरात, रोश पिनाजवळ, आरोनसोन या वनस्पतिशास्त्रज्ञाला १९०६ मध्ये सापडला. उगवतो, पिकला की ओंबी आपोआप तुटून विखुरते, म्हणून पेरून कापण्याजोगा नाही. त्या रानटी गव्हाच्या एका नमुन्यात ६बी गुणसूत्रावर एक जनुक निघालं, २००६ मध्ये ते नेमकं सापडलं. ते झाडाची पानं थोडी लवकर पिकवतं आणि पानांतला नायट्रोजन, जस्त, लोह दाण्यात ओततं. आपण पेरतो त्या जवळजवळ सगळ्या गव्हांत ते जनुक बिघडलेलं किंवा नाहीसं झालेलं आहे. शेतीत आल्यावर दहा हजार वर्षांत ते आपण हरवलं आणि रानातून परत आणलं. डी गुणसूत्रांचं तर याहून वाईट. कॅस्पियन समुद्राच्या दक्षिणेकडे खपलीच्या जातीचा गहू आणि डी गुणसूत्रं असलेलं एक रानगवत यांचा आपोआप संकर होऊन आपला पोळीचा गहू झाला, आठ-दहा हजार वर्षांपूर्वी, आणि तोही मोजक्याच वेळा. त्या गवताची सगळी विविधता गव्हात आलीच नाही. म्हणून सिमिटमध्ये ड्युरम आणि ते गवत यांचा संकर हाताने पुन्हा करतात, आणि त्यातून '५+१०', '२+१२' यांच्या पलीकडचे, गव्हात कधी नसलेले पट्टे मिळतात.

काका थोडा वेळ बोलत नाहीत. मग ते विषय बदलतात असं वाटतं, पण बदललेला नसतो.

काका : शहरात खपली दीडपट-दुप्पट भावाने जाते. पाकिटावर लिहितात, ग्लुटेन नाही. हे तुमच्या प्रयोगशाळेतूनच आलं का?

पुतणी : नाही, आणि त्याने माणसाचं नुकसान होऊ शकतं. परवा पातेल्यात तुम्ही खपलीचं ग्लुटेन हातात घेतलं होतं. ते दुबळं आहे, पण आहे. सिलिॲक आजार असलेल्या माणसाच्या आतड्याला ग्लायडिनचे काही तुकडे सोसत नाहीत. ग्लुटामिन आणि प्रोलिनने भरलेले ते तुकडे आपल्या पाचकरसांनी पुरते तुटत नाहीत. त्यांतला सगळ्यांत कुप्रसिद्ध, तेहतीस कड्यांचा तुकडा डी गुणसूत्रावरून येतो. बन्सीसारखीच खपलीतही डी गुणसूत्रं नाहीत, म्हणून दोन्हींत तो नसतो. तेवढ्यावरून लोकांनी गोष्ट रचली. बाकीचे त्रासदायक तुकडे ए आणि बी गुणसूत्रांवरूनही येतात. डच डॉक्टर डिकेने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, पाव मिळेनासा झाला तेव्हा, आजारी मुलं सुधारताना पाहिली होती आणि १९५० मध्ये त्यावर प्रबंध लिहिला. तेव्हापासून या रुग्णांना एकच सांगणं आहे, गहू बंद. त्यात खपलीही आली. उत्तर भारतात साधारण शंभरात एकाला हा आजार आहे. अशा घरात खपलीचं पाकीट औषध म्हणून गेलं तर?

याबाबत माझं मत दोघांहून कडक आहे. खपली चवीसाठी, लापशीसाठी, तिच्या तांबेरा सोसण्याच्या ताकदीसाठी विकावी. जे तिच्यात नाही असं सांगून तिला विकणारा माणूस रुग्णाला फसवतो, आणि उद्या हा खोटेपणा उघडा पडला की बाजार खपलीकडे पाठ फिरवेल, म्हणजे शेतकऱ्यालाही फसवतो.

काका : आता माझं ऐक. तू म्हणतेस ते सगळं धरलं. खपलीच्या दाण्याला तूस घट्ट असतं, मळणीत निघत नाही, वेगळी कांडून घ्यावी लागते. उतारा कमी. कुंदेवाडी-पुण्याहून सुधारलेली वाणं येतात, एमएसीएस २९७१ ही बुटकी खपली मी पाहिली आहे, तरी लोकवनचा उतारा तिला नाही. मग ही विविधता जपायची कुणाच्या पैशाने? पुण्यामुंबईच्या माणसाला वाटलं, गावात जुना गहू राहावा. राहावा की. पण एकरी पाच-सहा क्विंटलचा तोटा माझ्या अंगावर टाकून?

पुतणी : तुमच्या अंगावर टाकू नये. हे मी मान्य करते.

काका : नुसतं मान्य करून काय? बाजार समितीत माझ्या गव्हाचं काय बघतात? मूठ भरून घेतात, रंग बघतात, दाणा टपोरा आहे का बघतात, चकाकी बघतात. तुझे पट्टे कुणी विचारत नाही. गोदावरीचा उत्तम ड्युरम आणि ढिला ड्युरम एकाच ढिगात जातो. हमीभावातही प्रथिनाला पैसा नाही.

पुतणी : कॅनडा-ऑस्ट्रेलियात गहू प्रथिनाच्या टक्क्यांप्रमाणे वेगळ्या कोठारात जातो आणि भावही वेगळा मिळतो. टक्क्यांना का होईना, पैसे आहेत. आघारकरने काढलेल्या एमएसीएस ४०२८ या ड्युरममध्ये १४.७ टक्के प्रथिन आहे, कोरडवाहूत येतो. तो पिकवणाऱ्याला आपल्याकडे जास्तीचा रुपया द्यायची काही सोय नाही.

ही काकांची तक्रार मला या सगळ्या वादातली सगळ्यांत खरी वाटते. जे बाजाराला दिसत नाही ते शेतात टिकत नाही. शास्त्रज्ञ म्हणतात शेतकऱ्याला समजत नाही, शेतकरी म्हणतो शास्त्रज्ञाला पोट नाही, आणि दोघांच्या मध्ये जो मूठ भरून भाव ठरवतो त्याच्याकडे कुणी बोट दाखवत नाही. तोही बिचारा काय करणार, त्याच्या हातात डोळ्यांशिवाय साधन नाही.

काका : तुझं ते जेल बाजार समितीत चालेल का? पंधरा ट्रॅक्टर रांगेत असतात.

पुतणी : जेल नाही चालणार, त्याला एक दिवस लागतो. पण एक साधी चाचणी आहे. काचेच्या उभ्या नळीत थोडं पीठ, पाणी, साबणासारखं एक रसायन आणि लॅक्टिक आम्ल. हलवायचं, ठेवायचं. ग्लुटेनिन फुगतं आणि पिठाचा थर खाली बसतो. थर जितका उंच, तितकी साखळी बळकट. तासाच्या आत आकडा मिळतो. शाळेतल्या प्रयोगशाळेत जमेल इतकी सोपी.

काका : आणि उंच थराला जास्त भाव?

पुतणी : पावाच्या गिरणीला उंच थराचा. पुरणपोळीवाल्याला मधल्या थराचा. ज्याला जो लागेल तो, पण आकडा लिहून.

काका : मग तू मला गिऱ्हाईक आण. पुरणपोळ्या विकणारी ती नाशिकची मंडळी आहेत ना, त्यांना विचार किती थराचा गहू पाहिजे, नि कागदावर भाव लिहून घे. पुढच्या रब्बीत ओढ्याकडच्या अंगाला दहा गुंठे देतो. खपली पाच, बाकी तुझे जुने नमुने.

पुतणी : दहा गुंठ्यांत काय होतंय, काका? जुने नमुनेच दहा-बारा आहेत, उष्णतेची तुलना करायची तर प्रत्येकाचे तीन-तीन वाफे लागतील. वीस द्या.

काका : पंधरा. आणि माझ्या बियाण्याच्या प्लॉटपासून तीन मीटर सोडून. मळणी आधी माझी, तुझी नंतर, आणि यंत्र झाडून पुसून घ्यायचं तू.